पाव किलोत चार डबे: स्वतःच्या वाट्याची भाजी कशी वाढवावी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं पोटात जायला हवीत. मुंबई-पुण्यातल्या घरी चौघांच्या डब्यांसाठी पाव किलो भेंडी चिरली, तर देठ-शेंडे काढून माणशी साठ ग्रॅमही येत नाही. त्यात घरची बाई शेवटी जेवत असेल, तर कढईच्या बुडाशी राहील तेवढंच तिचं.

आधी तीन दिवस मोजा. वजन कच्च्या, निवडलेल्या भाजीचं घ्या, कारण मेथीची जुडी शिजल्यावर वाटीभरही होत नाही आणि अंदाज चुकतो. बटाटा मोजू नका. जागतिक आरोग्य संघटनाही तो यात धरत नाही.

मग खरेदी वाढवा. चौघांसाठी दोन्ही वेळची भाजी अर्धा-अर्धा किलो, वर काकडी, टोमॅटो, गाजर मिळून अर्धा किलो कोशिंबिरीला. पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि लवकर सडते, तेव्हा दुधी, दोडका, पडवळ आणा.

खरी अडचण निवडण्याच्या वेळेची आहे. लोकलच्या लेडीज डब्यात गवार मोडत बसलेल्या बायका उगाच दिसत नाहीत! पालेभाजी रात्री निवडा, न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी धुऊन मगच चिरा. ओली ठेवली तर दोन दिवसांत काळी पडते. स्टेशनबाहेरून घ्यायचीच तर मोडलेली गवार किंवा सोललेले मटार घ्या. बारीक चिरलेली भाजी घरी धुवावीच लागते आणि त्या पाण्यात क जीवनसत्त्व जातं.

भाजी उतरवली की डबे भरण्याआधी स्वतःची वाटी काढून झाकून ठेवा. यात संकोच करू नका, सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस निघतो आणि भाजी शून्य होते. घरात चालत असेल तर दाण्याचं कूट घालून काकडीची कोशिंबीर किंवा लाल भोपळ्याची भाजी करा.

फळ सकाळच्या घाईत राहून जातं. ते संध्याकाळी ऑफिसमधून निघतानाच्या भुकेसाठी ठेवा, म्हणजे वडापावच्या गाडीशी पाय थांबत नाहीत. चिरलेलं सफरचंद काळं पडून तसंच परत येतं, केळं पर्समध्ये चेपतं. धुतलेला अख्खा पेरू बरा.