नदीचे निकष सैल होत असतील तर हरकत कशी नोंदवावी

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून (एसटीपी) नदीत किती घाण सोडता येते, हे एका छोट्या तक्त्यावर ठरते. त्या तक्त्यात बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) १० चा आकडा ३० झाला की नदीचे पुढचे कित्येक उन्हाळे ठरून जातात. म्हणून निकष बदलणारा सरकारी मसुदा निघताच हालचाल करावी लागते.

आधी मुदत पाहा. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खाली निघणाऱ्या केंद्र सरकारच्या मसुद्यावर हरकती व सूचनांसाठी साधारणपणे ६० दिवस मिळतात, आणि राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाली त्या दिवसापासून ते मोजले जातात. बातमीवरून हरकत लिहू नका. ई-गॅझेटच्या संकेतस्थळावरून मूळ मसुदा उतरवून घ्या आणि जुना तक्ता त्याच्या शेजारी ठेवा.

मग ओळ न् ओळ ताडून पाहा. वाढलेला आकडा लगेच दिसतो, गळलेली ओळ मात्र नजरेतून सुटते. नोव्हेंबर २०१५ च्या मसुद्यात बीओडी १०, सीओडी (घाणीचे रासायनिक विघटन व्हायला लागणारा ऑक्सिजन) ५०, अमोनिया आणि एकूण नायट्रोजन यांच्या मर्यादा होत्या. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत बीओडी महानगरांना २० आणि इतरांना ३० झाला. सीओडी व नायट्रोजनच्या ओळीच गेल्या. नायट्रोजन हे जलपर्णीचे खत आहे. त्याला मर्यादाच नसेल तर नंतर जलपर्णी काढण्यावर कितीही पैसा ओता, ती पुन्हा येते. तक्त्याखालच्या टीपाही वाचा: मर्यादा प्रत्येक नमुन्याला आहे की सरासरीला? जुन्या केंद्रांना किती वर्षांची सूट आहे?

हरकतीचा खरा जोर हिशेबात असतो. रोजचे पाणी दशलक्ष लिटरमध्ये घ्या आणि त्याला मिलिग्रॅम प्रति लिटरने गुणा, की रोजचा भार थेट किलोत मिळतो. १०० दशलक्ष लिटर पाणी बीओडी ३० ने सोडले तर रोज ३,००० किलो, १० ने सोडले तर १,००० किलो.

दुसरा हिशेब याहून बोलका आहे. आंघोळीच्या पाण्याचा निकष बीओडी ३ किंवा कमी असा आहे. नदीचे वरचे पाणी बीओडी १ इतके स्वच्छ धरले, तरी ३० चे पाणी ३ वर आणायला त्याच्या साडेतेरा पट नदीचे पाणी लागते. १० च्या पाण्याला साडेतीन पट पुरते. आता पुण्यातली मुठा पाहा. खडकवासला धरणाखाली उन्हाळ्यात पात्रात मुख्यतः शहराचेच सांडपाणी वाहते. साडेतेरा पट पाणी आणायचे कुठून? हाच प्रवाह पुढे मुळा-मुठा होऊन भीमेला आणि उजनीला मिळतो. ‘नदीत गेल्यावर पाणी पातळ होईल’ या युक्तिवादाला हे उत्तर पुरेसे आहे.

पुरावा आपल्याच नदीचा द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदींतून शहराच्या वरचे आणि खालचे असे नमुने घेण्याचे दोन थांबे निवडा आणि एप्रिल-मेचे आकडे घ्या. वार्षिक सरासरीत पावसाळा घाण झाकतो. माहिती अधिकारात (१० रुपये, ३० दिवस) केंद्रात रोज आलेले व सोडलेले पाणी मागा आणि सोबत वीजबिलेही मागा. सांडपाण्यात हवा सोडणारी यंत्रे बंद ठेवली की ते बिलात दिसते. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, नाहीतर उत्तर येईपर्यंत मुदत संपलेली असते.

स्वतः नमुना घेणार असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडूनच बाटल्या घ्या. बीओडीची बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र थोडी रिकामी ठेवा आणि तिच्या झाकणाच्या आत बोट लावू नका. दोन्ही बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेल्या नमुन्याचा आकडा कोणीही खोडून काढेल.

लिहिताना प्रत्येक मुद्द्याला तक्त्यातला अनुक्रमांक, आक्षेप, हिशेब आणि हवा तो शब्दबदल द्या: ‘बीओडीसमोरील ३० ऐवजी १० असे वाचावे’. ‘नदी आमची माता आहे’ ही भावना खरी आहे, पण त्यावरून तक्त्यातला आकडा बदलता येत नाही. खर्चाचे कारण पुढे केले जाईल. तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा ३० एप्रिल २०१९ चा आदेश जोडा. त्यात बीओडी १०, सीओडी ५०, एकूण नायट्रोजन १० आणि तळी-सरोवरांत सोडायच्या पाण्याला फॉस्फरस १ हे निकष आहेत.

एकच छापील पत्र शंभर सह्यांनी पाठवले तर ते एकच हरकत म्हणून धरले जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा नदीच्या खालच्या अंगाच्या गावांच्या ग्रामसभांचे ठराव, नदीचे पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची वेगवेगळी पत्रे मिळवा. मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. पोच आणि पावती जपून ठेवा.

अंतिम अधिसूचना निघाली की आपल्या मुद्द्यांचे काय झाले ते माहिती अधिकारात मागा. हरित न्यायाधिकरणात मूळ अर्जाला वादाचे कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांची मुदत आहे आणि नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये आहे. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. वकिलाकडे जाताना हरकतीची पोच बरोबर न्या.