तीनदा परत आलेलं टॅपेट कव्हर

कामाला लागून मला चारएक महिने झाले होते. एक जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून, ऑइल मारते (गळते) म्हणून आली. हे काम वर्कशॉपमध्ये नेहमी नव्या पोराच्या गळ्यात पडतं. नट काढा, जुनं पॅकिंग (झाकणाखाली बसते ती गळती रोखणारी पट्टी) खरवडा, नवं ठेवा, आवळा, तासाभरात गाडी बाहेर. मीही तेच केलं. आठवड्याने गाडी परत आली. पुन्हा नवं पॅकिंग घातलं आणि या वेळी जरा जास्त आवळलं. पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मी पाना असा ओढला की एका स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या दांडीचे) आटे जाता जाता राहिले, आणि गाडी चारच दिवसांत दारात हजर. गळती आधीपेक्षा वाढलेली.

मोठ्या मिस्त्रींनी कव्हर काढलं, पुसलं आणि काचेच्या जाड तुकड्यावर पालथं ठेवलं. एका कोपऱ्यावर बोट टेकवलं तर ते डुगडुगायला लागलं. मग पलीकडून टॉर्च धरली. प्रत्येक बोल्टच्या भोकाजवळ पत्रा काचेला घट्ट टेकलेला आणि दोन भोकांच्या मधे लांबलचक उजेडाची फट. "पॅकिंग बदलून काय होणार? पत्रा तूच वाकवलायस," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

जुन्या इंजिनांवरचं टॅपेट कव्हर बहुतेक वेळा दाबून काढलेल्या पत्र्याचं असतं. बोल्ट आवळला की त्याचा जोर भोकाभोवतीच्या जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर येतो. प्रमाणात आवळला तर पॅकिंग सगळीकडे सारखं दबतं. त्यापुढे गेलात की भोकाजवळचा पत्रा खाली खळगा धरतो आणि मधला भाग कमानीसारखा वर उचलला जातो. ऑइल निघतं ते तिथून. ते दिसलं की माणूस आणखी आवळतो, खळगा आणखी खोल जातो, कमान आणखी वर येते. मी तीन वेळा नेमकं हेच करून बसलो होतो. कॉर्कचं पॅकिंग असेल तर अति दाबाने ते बोल्टपाशी चिरतं किंवा कव्हरच्या आत सरकतं. उघडल्यावर जुनं पॅकिंग आत घुसलेलं दिसलं तर आधीच्या माणसाने काय केलं हे विचारायची गरज राहत नाही.

पत्र्याचं कव्हर सरळ करता येतं. कडेची पट्टी सपाट लोखंडी ठोकळ्यावर किंवा कडक लाकडावर टेकवायची, पॅकिंग बसतं ती बाजू वर ठेवायची आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने भोकाभोवतीचा फुगवटा हलक्या हाताने बसवत जायचं. दर चार-सहा ठोक्यांनंतर काचेवर ठेवून बघायचं. घाई केली की पट्टीला लाटा येतात, आणि त्या निस्तरणं मूळ खळग्यापेक्षा अवघड जातं. जमलं तर नटाखाली रुंद वॉशर किंवा लांबट पट्टीचे वॉशर घाला, म्हणजे जोर पसरतो. अॅल्युमिनियमच्या कव्हरवर मात्र हातोडी नको, ते तडकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याचा बाक मोजा. बाक थोडा असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासून निघतो, जास्त असेल तर कव्हर बदला.

आता किती आवळायचं. 6 मिलिमीटरच्या बोल्टला बहुतेक इंजिनांत 5 ते 10 न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळायचा पीळ) असतो. पत्र्याचं कव्हर आणि कॉर्कचं पॅकिंग असेल तर तो खालच्या टोकाकडे असतो. चाकाच्या नटाला साधारण 100 न्यूटन-मीटर लागतो हे आठवा, म्हणजे अंदाज येईल. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. चाकांसाठी वापरतो तो मोठा टॉर्क रेंच इथे कुचकामी आहे, त्याच्या मापाच्या तळाशी तो नीट दाखवतच नाही. छोटा रेंच घ्या. तो मिळेपर्यंत रॅचेटचा दांडा न धरता त्याचं डोकं मुठीत धरून फिरवा, म्हणजे हाताला जोर काढायला जागाच मिळत नाही. मधून सुरुवात करून आडव्या-तिडव्या क्रमाने बाहेर जायचं आणि हे दोन-तीन फेऱ्यांत करायचं. काही कव्हरच्या बोल्टला खांदा असतो. तो टेकला की बोल्ट थांबतो आणि पॅकिंग किती दबायचं ते आपोआप ठरतं. अशा ठिकाणी गळत असेल तर बोल्टखालचे रबरी वॉशर कडक झालेत का ते बघा. पॅकिंग नवं आणि वॉशर वीस वर्षांपूर्वीचे, असा प्रकार फार दिसतो.

सफाईबद्दल मिस्त्री नेहमी ओरडायचे, आणि बरोबरच ओरडायचे. जुनं पॅकिंग हेडला, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनाच्या वरच्या भागाला, दगडासारखं चिकटलेलं असतं. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर पोलादी पातं लावू नका. एक ओरखडा म्हणजे ऑइलला मोकळी वाट. प्लॅस्टिकचं किंवा पितळेचं पातं घ्या आणि वेळ द्या. ग्राइंडरवर लावतात त्या खरखरीत चकत्या तर लांबच ठेवा. त्यांची भुकटी आत गेली की ती थेट बेअरिंगपर्यंत पोचते. खरवडण्याआधी हेडमधली ऑइल परत खाली जायची भोकं स्वच्छ कापडाने झाका, आणि किती कापडं घातली ते मोजून ठेवा. हसू नका, मी एकदा एक कापड आत विसरलो होतो. शेवटी दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या करायच्या. ओशट जागेवर कुठलंच पॅकिंग धरत नाही.

कॉर्कचं पॅकिंग कव्हरलाच चिकटवायचं, हेडला नाही. कव्हरच्या बाजूला पॅकिंगच्या चिकटद्रव्याचा पातळ थर द्यायचा, सपाट जागेवर वजन ठेवून रात्रभर सोडायचं आणि हेडची बाजू कोरडी ठेवायची. पुढच्या वेळी कव्हर उघडताना पॅकिंग सलग निघतं. पडून पडून कॉर्क सुकून आखडलेला असेल आणि भोकं जुळत नसतील तर ते ओढून बसवू नका. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवलं की ते पुन्हा मापावर येतं. रबराच्या घडीव पॅकिंगला चिकटद्रव्य लागत नाही, फक्त खाचेत नीट बसवावं लागतं.

सिलिकॉनची ट्यूब हे नव्या मुलांचं आवडतं औषध. मलाही वाटायचं की दोन्ही बाजूंनी भरपूर लावलं की काम पक्कं. एका इंजिनाचा चेंबर (तळाचं ऑइल साठायचं भांडं) उतरवला तेव्हा ऑइल पंपाच्या जाळीत शेवयांसारखे सिलिकॉनचे तुकडे अडकलेले बघितले. कव्हरच्या आतल्या बाजूला जे पिळून निघालं होतं तेच सुटून खाली गेलं होतं. जाळी चोंदली की ऑइल प्रेशर पडतं, आणि गळती थांबवायच्या नादात इंजिन जातं. सिलिकॉन लागतं तिथे थोडंसंच लागतं. कॅमशाफ्टच्या टोकाला अर्धचंद्रासारखं रबरी बूच असतं त्याच्या कोपऱ्यांत, किंवा टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात त्या सांध्यावर, वाटाण्याएवढा ठिपका. लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा. लगेच इंजिन चालू केलं तर सगळं वाया.

हे सगळं नीट करूनही गळतं तेव्हा ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर पडायच्या वाटेकडे, बघा. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागात) उतरतो. पीसीव्ही व्हॉल्व आणि त्याची नळी तो गॅस परत इनटेककडे खेचून घेतात. व्हॉल्व काजळीने बसला किंवा नळी चोंदली की आत दाब साठतो आणि इंजिनातल्या सगळ्यात कच्च्या सांध्यातून ऑइल ढकलतो. असा सांधा बहुधा टॅपेट कव्हरच निघतो. इंजिन गरम झाल्यावर आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. पीसीव्ही चालू असेल तर कागद हलकासा ओढला जातो. उडाला तर दाब आहे. ज्या इंजिनांना व्हॉल्वच नाही, नुसती ब्रीदरची नळी आहे, तिथे थोडी फुंकर लागणारच, त्याची धास्ती नको. व्हॉल्व आणि नळी साफ असूनही धूर भकाभका वर येत असेल तर रिंगा गेल्यात. अशा गाडीला पॅकिंग विकणं म्हणजे मालकाला फसवणं. त्याला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून आकडे दाखवा, पुढचं तो ठरवेल.

मुळात गळती कव्हरचीच आहे का, हे आधी ठरवायला हवं होतं, आणि मी सांगतोय सगळ्यात शेवटी. कारण मी शिकलोही शेवटीच. एका गाडीला मागच्या बाजूने, गिअरबॉक्स जिथे जोडतो तिथे, ऑइल टपकत होतं. क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं मी छातीठोकपणे सांगणार होतो. मिस्त्रींनी हेडच्या मागे, हाताला जेमतेम पोचतं तिथे, आरसा धरला. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळ निघून ब्लॉकवरून खाली उतरला होता. ऑइल खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. इंजिन धुवा, वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवा आणि पुन्हा बघा. पावडरीत वाट उमटते. ऑइल भरायचं झाकण, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, प्रेशर स्विच हे सगळे कव्हरच्या नावावर गळतात.

प्लग काढल्यावर खोबणीत ऑइल सापडलं तर प्लगच्या नळीची सीलं गेलीत. ती कव्हर उघडलेलं असतानाच बदला. आणि ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडत असेल, जळका वास किंवा धूर येत असेल, तर ते काम उद्यावर टाकू नका. तिथे आग लागू शकते.

ती तीनदा परत आलेली गाडी? पत्रा सरळ केला, कॉर्क रात्रभर वजनाखाली ठेवला, ब्रीदरची नळी साफ केली आणि सगळे नट 5 न्यूटन-मीटरला थांबवले. हाताला ते इतकं सैल वाटत होतं की मला आणखी पाव फेरा मारायची फार इच्छा झाली. मिस्त्री शेजारीच उभे होते म्हणून मारला नाही. आठवड्याने गाडी बोलावून घेतली. इंजिन गार असताना नट एकदा तपासले, कारण गरम-गार झाल्यावर कॉर्क थोडा बसतो. दोन नट किंचित फिरले. मागच्या कोपऱ्याखालून बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ लागली.