‘बिलाय’ वापरताना या चुका टाळा

नाशकात कॉलेज रोडवर इंग्रजी शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण ‘बिलाय’ (belie) या क्रियापदाचा घोळ काही मिटला नाही. मोबाइलवर ‘खोटे ठरवणे’ एवढा अर्थ वाचायचा आणि लगेच निबंधात ठोकून द्यायचा, ही घाई नडते.

एका मुलाने नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘माय मार्क्स बिलाय माय हार्ड वर्क’. गडी चौऱ्याऐंशी टक्केवाला. त्याला म्हणायचं होतं, मार्कांतून मेहनत दिसते. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “मार्कांवरून मेहनत दिसत नाही, असं तूच लिहिलंयस की!” पोरगा गप्प. तो अर्ज पाठवण्याआधी मी वरवर चाळला होता, हे इथे कबूल करतो.

‘बिलाय’ला दिसणं आणि असणं यांत भांडण लागतं. पावसाळ्यात रामकुंडाशी गोदेचं पाणी कधी संथ वाटतं, आत मात्र ओढ असते: ‘द काम वॉटर बिलाइज द करंट’. मिसळीची तर्री लालभडक आणि चव मिळमिळीत, तिथेही हेच क्रियापद. (अशा ठिकाणी मी दुसऱ्यांदा जात नाही.) या वाक्यांत कर्ता फसवा आणि कर्म खरं. पण ‘द फॅक्ट्स बिलाय हिज क्लेम’ म्हटलं की उलटं होतं: पुरावा खरा, दावा खोटा. मुलं गडबडतात ती इथेच. मी अजूनही पेन्सिलीने एका शब्दाखाली ‘दिसतं’ आणि दुसऱ्याखाली ‘असतं’ लिहितो. दोघांचं जमत असेल तर क्रियापद खोडायचं.

थरथरत्या हातांनी भीती उघडी पडली, तर तिथे ‘बिट्रे’. ‘बिलाय’ नाही.

भूतकाळ ‘बिलाइड’. हे खोटं बोलण्याच्या ‘लाय’च्या कुळातलं आहे, आडवं पडण्याच्या नव्हे, म्हणून ‘बिले’ नको. ‘अंडरलाय’चं मात्र ‘अंडरले’ होतं, त्याचं बघून याचं करू नका.

मागे ‘दॅट’ किंवा ‘अबाउट’ जोडू नका, याला थेट कर्म लागतं.

‘बिलीव्ह’शी याचं नातं नाही. तरी दर बॅचला कुणीतरी विचारतंच.

‘बिलाइंग’ लिहिताना शेवटचे आय-ई जाऊन वाय येतो. ‘डाय’चं ‘डाइंग’ होताना होतं तसंच.