उरलेल्या ट्रामाडॉलच्या गोळ्यांचे काय करावे?
शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या ट्रामाडॉलच्या चार-सहा गोळ्या दुखणे थांबल्यावरही औषधांच्या डब्यात पडून राहतात आणि पुढे कोणाच्या तरी कंबरदुखीवर, डॉक्टरांना न विचारताच, दिल्या जातात. ही गोळी अफूवर्गीय आहे. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जिवावर बेतू शकते.

1. पाकीट घरी येताच त्यावर रुग्णाचे नाव, तारीख व गोळ्यांची संख्या लिहावी आणि प्रत्येक गोळीनंतर शिल्लक आकडा मांडावा, म्हणजे एखादी गोळी परस्पर गेली तर ते त्याच दिवशी लक्षात येते.
2. पाकीट कुलपात ठेवावे.
3. उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्या पट्टीतून काढून संडासात टाकाव्यात व पाणी सोडावे. एरवी औषधे अशी टाकणे गैरच. परंतु केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या 2025 च्या सूचनांत ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल अशा मोजक्या औषधांसाठी हाच मार्ग सांगितला आहे.

मात्र गोळ्या कित्येक आठवडे रोज चालू असतील, तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.