एडीस डासाच्या मध्यांत्रातील जनुकांची अभिव्यक्ती कशी मोजावी

डेंग्यूचा विषाणू रक्ताबरोबर एडीस इजिप्ती डासाच्या मादीच्या पोटात शिरतो, तेव्हा त्याची पहिली गाठ मध्यांत्राच्या, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागाच्या, पेशींशी पडते. त्या पेशींतील कोणती जनुके कितपत सक्रिय झाली आहेत, हे क्यूपीसीआरने (जनुकांपासून बनलेल्या आरएनएचे डीएनएत रूपांतर करून त्याच्या प्रती वाढत असताना मोजण्याच्या पद्धतीने) मोजता येते. यंत्राचे काम काही तासांत उरकते. परंतु तुलनेसाठी कोणत्या माद्या घेतल्या आणि आतडे किती स्वच्छ काढले, यावर निष्कर्षाची विश्वासार्हता अवलंबून असते.

एकाच वेळी वाढवलेल्या, चार-पाच दिवस वयाच्या माद्या घ्याव्यात आणि रक्त देण्याच्या काही तास आधी त्यांचे साखरपाणी काढून घ्यावे. रक्त पिऊन झाल्यावर ज्यांचे पोट लाल होऊन तट्ट फुगले आहे तेवढ्याच माद्या ठेवाव्यात. अर्धपोटी राहिलेल्या सरळ बाजूला काढाव्यात. त्याच वयाच्या, केवळ साखरपाण्यावरील माद्यांचा गटही हवा आणि त्याचे विच्छेदन दिवसाच्या त्याच वेळी व्हावे, कारण अनेक जनुकांची पातळी प्रहरानुसार बदलते. विषाणूचा परिणाम पाहायचा असेल, तर मात्र तुलना विषाणूविरहित रक्त प्यालेल्या माद्यांशीच करावी. नुसत्या रक्तानेही उशिराच्या ट्रिप्सिनचे (ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर) जनुक जोमाने कार्यरत होऊन साधारण २४ तासांच्या सुमारास शिखर गाठते, शिवाय आतड्यातील जिवाणू झपाट्याने वाढून प्रतिकारशक्तीची जनुकेही चाळवतात. हे सारे विषाणूच्या खात्यावर मांडले गेलेले प्रयोग कमी नाहीत.

मादीला बर्फावर निपचित करून स्लाइडवरील थंड बफरच्या थेंबात ठेवावे. एका चिमट्याने छाती धरावी, दुसऱ्याने पोटाचे शेवटचे दोन खंड पकडून सावकाश, एकसारखे ओढावे, म्हणजे अंडाशयांसह आतडे बाहेर येते. जेथे पाच मालपिघी नलिका (उत्सर्जनाच्या नळ्या) फुटतात तेथे मध्यांत्र संपते. तेथे, आणि पुढच्या टोकाला अन्नपिशवीच्या मागे, काप द्यावा. अंडाशयाचा तुकडा चिकटून राहिला तर नमुना टाकून द्यावा, कारण त्यातील आरएनए मध्यांत्राचे मोजमाप बिघडवतो. रक्त ताजे असताना भिंत ताणलेली असते आणि जरा धक्क्याने फुटते. २४ तासांनी मात्र रक्ताभोवती काइटिनयुक्त पडदा तयार झालेला असतो, त्यामुळे भिंतीला चीर देऊन रक्ताचा गोळा पोटलीसारखा अखंड काढता येतो. तो काढून भिंत दोनदा धुवावी. पाच ते दहा मध्यांत्रे एकत्र करून एक नमुना करावा आणि असे निदान तीन नमुने स्वतंत्रपणे वाढवलेल्या पिढ्यांतून घ्यावेत.

उरलेल्या रक्तातील हीम (हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग) पीसीआरची अभिक्रिया रोखते, म्हणून आरएनए काढताना इथेनॉलने एकदा जास्तीचे धुणे फायद्याचे ठरते. कोंबडीचे रक्त वापरले असल्यास विशेष जपावे, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते आणि त्यांचा डीएनए नमुन्यात उतरतो. डीएनेझची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया टाळू नये, तसेच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली एक नळी नियंत्रण म्हणून चालवावी. आरएनएचा दर्जा तपासताना नवख्यांची हमखास फसगत होते: रायबोसोमच्या आरएनएचे २८एस (मोठा) आणि १८एस (लहान) असे दोन ठळक प्रकार असतात; बहुतेक कीटकांच्या २८एस आरएनएच्या मध्यभागी नैसर्गिक तुटभाग असतो, त्यामुळे तापवल्यावर त्याचे दोन तुकडे होऊन ते १८एसच्या आसपास येतात. जेलवर एकच ठळक पट्टा दिसतो आणि यंत्र दर्जाला कमी गुण देते. एवढ्यावरून नमुना फेकू नये. खालच्या, लहान आकारांच्या बाजूला धूसर पट पसरला असेल तरच तो खराब समजावा.

संदर्भासाठी, म्हणजे स्थिर मानून इतर जनुकांची तुलना ज्यांच्याशी करायची त्यांसाठी, आरपीएस१७ किंवा आरपीएल३२ यांसारखी रायबोसोमल प्रथिनांची जनुके घेतात. तथापि रक्त पिण्याने पेशींचे सारे प्रथिननिर्माणच ढवळून निघते, म्हणून ती आपल्या वेळापत्रकात स्थिर राहतात का, हे आधी तपासावे आणि निदान दोन जनुकांची सरासरी वापरावी. प्रत्येक प्रायमरची (हवे ते जनुक हेरणाऱ्या डीएनएच्या लहान तुकड्यांची) कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत असावी. दोन प्रायमरांत ती बरीच वेगळी असल्यास डेल्टा-डेल्टा सीटीचे (संदर्भ जनुकाच्या तुलनेत दोन गटांतील फरक काढण्याचे) सूत्र फसवे आकडे देते.

आकड्यांचा अर्थ लावताना आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे, हे ध्यानात ठेवावे. लवकरच्या ट्रिप्सिनचा संदेश-आरएनए रक्त पिण्यापूर्वीच मध्यांत्रात साठलेला असतो आणि त्यापासून प्रथिन बनते ते रक्त पोटात गेल्यावर. अशा जनुकासाठी क्यूपीसीआरच्या जोडीला विकराची प्रत्यक्ष क्रियाशीलताही मोजावी.