गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका

देवगडात आमची हापूसची कलमं आहेत. बाग नवरा बघतो, हंगामात ऑर्डरींचा फोन माझ्याकडे. घरून पेट्या विकायला निघालेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच: गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एकाने दरावरून कुरकुर केली की बाकीचे सुरू होतात, आणि सकाळी सुप्रभातची फुलं येतात ती वेगळीच.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत 256 जण मावतात आणि निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मेख अशी की ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. म्हणून आंबा कसा पिकवायचा ही चिठ्ठी पेटीत घालता ना, तिच्यातच नंबर सेव्ह करायला सांगा.

प्रत्येक चॅटला लेबल लावा: नवी ऑर्डर, पैसे जमा, पेटी निघाली. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नव्हे. खातं बघूनच लेबल बदलायचं. हापूसच्या भौगोलिक मानांकनाखाली (ते 2018 मध्ये मिळालं) तुमची नोंदणी असेल, तर प्रमाणपत्राचा फोटो कॅटलॉगमध्ये लावा.

ग्रुप हवा तो घरच्या कामाला. आमच्यात नवरा, पॅकिंगला जाऊबाई आणि गाडीवाले दादा. एका ऑर्डरीला एकच मेसेज: नाव, गाव, किती डझन, कधी निघणार. बदल झाला तर त्याच मेसेजला रिप्लाय द्यायचा. व्हॉइस नोट चालत नाही, कारण ऐन गर्दीत ती शोधून सापडत नाही. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. पेटी बंद करण्याआधी फळांचा फोटो टाकायचा, पेटीचा नंबर दिसेल असा.

तो फोटो तक्रारीच्या वेळी कामाला येतो. दबलेलं फळ वाटेत दबलं की इथूनच तसं गेलं, ते कळतं. साक्याचं मात्र तसं नाही. वरून फळ देखणं, कापल्यावर गर पांढरट; भरताना कुणालाच दिसत नाही. तेव्हा वाद घालू नका. कापलेल्या फळाचा फोटो मागवा, त्याच दिवशी उत्तर द्या, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घाला आणि ग्रुपमध्ये त्या ऑर्डरीखाली तसं लिहून ठेवा, म्हणजे भरताना जाऊबाईंना आठवण करून द्यावी लागत नाही.

पाऊस लागला की यादीला काही पाठवू नका. फेब्रुवारीत झाडावरच्या फळांचा एक फोटो आणि अंदाजे दर, एवढं पुरे.