दुबईत ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा निवडताना

आधी केएचडीएच्या (दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर शाळेचा तपासणी अहवाल वाचा. तो मोफत मिळतो. नुसती श्रेणी बघून थांबू नका. गणित, इंग्रजी, विज्ञानातली प्रगती प्राथमिक, माध्यमिक अशा टप्प्यांनुसार दिलेली असते, खरी शाळा तिथेच कळते. इयर ५ म्हणजे आपली चौथी, हेही ध्यानात ठेवा.

पुढे मुलाला भारतात मेडिकल किंवा इंजिनिअरिंगला पाठवायचं मनात असेल, तर शाळा इयर १३ पर्यंत आहे का आणि ए लेव्हलला (शेवटच्या दोन वर्षांचा, अकरावी-बारावीसारखा अभ्यासक्रम) फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा मॅथ्स एकत्र घेता येतात का, हे प्रवेशाआधीच विचारा. वेळापत्रकात हे विषय एकमेकांवर आले, तर मूल अडकतं. आणि बसचा प्रवास? लहानग्यांसाठी जवळची, बऱ्यापैकी चांगली शाळाच मला योग्य वाटते.